पैसे माझे होते, माणूस नव्हता

काही वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या एका पोलीस ठाण्यात माझ्यावर माणूस पळवल्याचा गुन्हा दाखल झाला. गुन्हा खोटा नव्हता. माझ्याबरोबर आणखी तिघे होते. पण गाडी माझी, डिझेल माझं आणि डोकंही माझंच. घनसावंगी तालुक्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी लिहायला बसलो, कारण अजूनही कारखान्याच्या गेटवर नंबरात ट्रॅक्टर लावून उभं असलं की कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतं, "तुमचं चुकलं काहीच नव्हतं, तुम्ही फक्त सापडलात." मला हे दिलाशाचं बोलणं आता ऐकवत नाही. चुकलं होतं. एकदा नव्हे, ओळीनं चुकत गेलं होतं.

ज्यांना ऊसतोडीचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पैठणचा डावा कालवा आमच्या तालुक्यातून जातो आणि खालच्या अंगाला गोदावरी आहे. पाणी आलं तसा ऊस आला, उसामागे कारखाने आले आणि कारखान्यांमागे आमच्यासारखे ट्रॅक्टरवाले. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो. तोडणीची टोळी आणायची जबाबदारी वाहतूकदाराची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम असे कोयते जमवतो आणि पावसाळ्यातच त्यांच्यासाठी आगाऊ रक्कम घेतो, तिला उचल म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे टोळी फडात उतरते आणि हंगामभर तोडीच्या बिलातून उचल फिटत जाते. गंमत अशी की आमच्या जालना-बीडकडचीच माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, आणि आम्ही आमच्या फडासाठी टोळ्या शोधत गावोगाव फिरतो. त्यामुळे एकाच मुकादमानं दोघांकडून उचल घ्यावी आणि जिथं भाव बरा तिथं टोळी न्यावी, हे दर हंगामाला कुठं ना कुठं घडतं. वाहतूकदार बुडतो, कारण कारखान्याची आणि बँकेची रक्कम त्याच्या नावावर असते.

माझी पहिली चूक पावसाळ्यातच झाली. शेजारच्या तालुक्यातल्या एका मुकादमाला मी दहा कोयत्यांची उचल दिली, सात लाख रुपये, बहुतेक रोख. कोयत्यांची नावं कागदावर होती. त्यातल्या एकाही जोडीचं तोंड मी पाहिलं नव्हतं. ती माणसं खरंच येणार आहेत का, त्यांच्या हातात किती पैसे पोचले, आधीच्या मालकाचं देणं त्यांच्यावर आहे का, यातलं काही विचारलं नाही. "मुकादम बघून घेईल" म्हणालो. वर, धंद्यात सगळे करतात तसं मीही केलं. कोऱ्या स्टँपवर त्याच्या सह्या घेतल्या, सोबत एक कोरा चेक. हा कागद पुढं माझ्याच गळ्यात अडकणार होता.

दिवाळी झाली, टोळी आली नाही. फोन आधी लागायचा, मग बंद झाला. कारखान्याची तोडणी सुरू झाली, माझा ट्रॅक्टर अंगणात उभा. बँकेचा हप्ता काही टोळीची वाट बघत थांबत नाही. कुणीतरी सांगितलं की मुकादम टोळी घेऊन कर्नाटकात गेलाय, बागलकोट जिल्ह्यात उसाच्या फडात आहे. मी पोलिसांकडे गेलो. हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा, असं तोंडी उत्तर मिळालं. मी घरी आलो आणि गावभर सांगत सुटलो की कायद्याकडून काही होत नाही.

हे अर्धं खरं होतं. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊन तपासाचा आदेश मागता येतो. फसवणुकीचं कलम लागू शकलं असतं. नाहीच तर वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत होती. वकिलांनी हे सगळं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मग मी का गेलो नाही? कोर्ट हळू चालतं म्हणून, असं मी लोकांना सांगायचो आणि स्वतःलाही. खरं कारण वेगळं होतं. त्या कोऱ्या स्टँपवर मी नंतर सातऐवजी मोठा आकडा घातला होता, व्याज धरून. वकिलांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "ही रक्कम तुम्ही त्याला कधी दिली, कोणासमोर दिली?" मला उत्तर देता आलं नाही. कोर्टात हाच प्रश्न पुन्हा विचारला जाणार होता. पैसे बुडाल्याचं दुःख खरं होतं, पण माझा कागद स्वच्छ नव्हता. ज्याचा कागद स्वच्छ नसतो त्याला आडवाट जवळची वाटते.

आडवाट सुचायला मोबाईल कारणीभूत ठरला. माझा पुतण्या अमेरिकेतल्या एका माणसाचे व्हिडिओ बघायचा. लांब पांढरे केस, छातीवर जाकीट, हाताखाली चार माणसं. डुएन चॅपमन त्याचं नाव, 'डॉग' म्हणून प्रसिद्ध. तिकडे जामिनाचा धंदाच आहे. आरोपीसाठी कंपनी पैसे घेऊन जामीन राहते आणि आरोपी पळाला तर कंपनीचा माणूस त्याला धरून आणतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1872 मध्येच जामीनदाराला असा हक्क असल्याचं म्हणून ठेवलंय. पुतण्या म्हणाला, "काका, तिथं असं चालतं. आपलेच पैसे, आपणच आणायचा माणूस." मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

कर्नाटकात पोचल्यावर मुकादम शोधायला फार वेळ लागला नाही. फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या, तिथं तो पहाटे चहा पीत बसला होता. आम्ही त्याला "चल, बोलायचंय" म्हणून गाडीत घातला. तो स्वतःहून बसला असं मी नंतर पोलिसांना सांगितलं. खरं असं की दोघांनी दंडाला धरलं होतं आणि तिसऱ्यानं दार लावलं. त्याची बायको कोयता हातात घेऊन गाडीमागं पळाली. मी ड्रायव्हरला गाडी दामटायला सांगितलं. विजापूर, सोलापूर, तुळजापूर, बीड, गेवराई करत शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला तेव्हा माझी छाती फुगली होती. सोलापूरच्या अलीकडे भीमा ओलांडली, तेव्हा एक राज्य सोडून दुसऱ्यात आलो हे डोक्यातही नव्हतं. हद्द म्हणजे रस्त्याकडेची पाटी, एवढीच माझी समजूत.

शेतातल्या घरी, आखाड्यावर, त्याला ठेवला. फोन काढून घेतला. रात्री बाहेरून कडी लावली. जेवण दिलं, हे मी पुढं सगळीकडे ठासून सांगत असे. दोन थोबाडीत दिल्या हे सांगत नसे. त्याच्याच फोनवरून बायकोला फोन लावून म्हणालो, "पैसे आण आणि नवरा घेऊन जा." पलीकडून ती म्हणाली, "दादा, त्यायला काही करू नका, लेकरू तापलंय." मी फोन ठेवला. हा फोन म्हणजे माझ्या आयुष्यातली सर्वांत महागडी चूक. वकिलांनी नंतर समजावलं की माणूस कोंडून पैसे मागितले आणि त्याच्या जिवाची भीती घातली, की खंडणीसाठी अपहरणाचं कलम डोक्यावर येतं; त्याला शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. "पैसे तुमचेच होते" हा बचाव तिथं फार दूर जात नाही. ते कलम आमच्यावर लागलं नाही, हे नशीब.

आखाड्यावर मुकादमानं मला जे सांगितलं ते आधी विचारलं असतं तर मी कदाचित कर्नाटकात गेलोच नसतो. सात लाखांतले बरेच पैसे त्यानं कोयत्यांना वाटले होते. त्यातल्या निम्म्या जोड्यांनी दुसऱ्या मुकादमाची जुनी बाकी फेडायला ते वापरले आणि त्याच्याकडेच गेल्या. उरलेल्यांना घेऊन हा माझ्याकडे आला असता तर दहा कोयत्यांच्या जागी पाच बघून मी त्याला दारात उभं केलं नसतं. म्हणून तो कर्नाटकातल्या एका ठेकेदाराकडे गेला. "मालक, मी खाल्ले नाहीत. पण तुमाला सांगायचं तोंडच नव्हतं," तो म्हणाला. त्यानं फसवलं नाही असं मी म्हणत नाही. फोन बंद करणं ही फसवणूकच होती. पण मी ज्याला पळालेला चोर समजत होतो, तो माझ्यासारखाच कुणाच्या तरी हिशोबात अडकलेला होता.

त्याच्या बायकोनं पैसे आणले नाहीत. तिनं तिथल्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. भाषा येत नसताना, हातात लेकरू घेऊन ती ठाण्यात बसून राहिली आणि तक्रार नोंदवूनच उठली. मी माझ्याच तालुक्यात, माझ्याच भाषेत एका तोंडी नकारावर परत आलो होतो.

कर्नाटकचे पोलीस आले ते स्थानिक पोलिसांना सोबत घेऊन. मुकादमाला सोडवलं, आम्हाला ताब्यात घेतलं. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं, दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी घेतली आणि मगच गाडीत बसवलं. भादंवि 365 आणि 342, म्हणजे कोंडण्यासाठी अपहरण आणि बेकायदा डांबणं. पहिल्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या रस्त्यानं मी मुकादमाला आणला त्याच रस्त्यानं मला नेलं. फरक एवढाच की मला नेताना प्रत्येक ठिकाणी कागद होता. कुठं नेतायत हे माझ्या भावाला कळवलं होतं, अटकेचं कारण सांगितलं होतं, वैद्यकीय तपासणी झाली होती. यातलं काहीही मी मुकादमाला दिलं नव्हतं. कोठडीत बसल्यावर हा फरक मला पहिल्यांदा उमगला.

जामीन मिळाला, पण तिथला स्थानिक जामीनदार हवा होता. बागलकोटात माझ्यासाठी कोण उभं राहणार? आपल्याकडे जामीन राहण्याचा धंदा नाही. पैसे घेऊन जामीन राहण्याचा करार आपल्या कोर्टात सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून टिकत नाही. म्हणजे ज्या अमेरिकन माणसाच्या जिवावर मी उड्या मारल्या, त्याचा धंदा आपल्या कायद्यात जन्मालाच आलेला नाही. साध्या माणसाला दुसऱ्याला अटक करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, पण फार अरुंद. त्याच्यासमोर गंभीर, अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडत असेल किंवा समोरचा कोर्टानं घोषित केलेला फरारी असेल, तरच. तेव्हाही विनाविलंब पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर सहा तासांची मर्यादा घातली आहे. आखाडा त्यात कुठंच बसत नाही.

तारखांच्या काळात वकिलांनी मला 'डॉग'ची बाकीची गोष्ट सांगितली. पुतण्याच्या व्हिडिओत ती नव्हती. अँड्र्यू लस्टर नावाचा श्रीमंत घराण्यातला माणूस बलात्काराच्या खटल्यातून जामिनावर असताना पळाला. त्याच्या गैरहजेरीत त्याला 124 वर्षांची शिक्षा झाली. 2003 च्या जूनमध्ये चॅपमननं त्याला मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ता गावात धरलं. मेक्सिकोत असा धंदा बेकायदा आहे. तिथल्या पोलिसांनी लस्टरला अमेरिकेत पाठवलं आणि चॅपमनला, साथीदाराला, मुलाला गजाआड केलं. ते जामिनावर सुटून अमेरिकेत निघून आले. मेक्सिकोनं त्यांचा ताबा मागितला. 2006 मध्ये अमेरिकन मार्शलांनी चॅपमनला हवाईत अटकही केली. पुढच्या वर्षी मेक्सिकोतल्या कोर्टानं मुदत उलटल्याचं कारण देऊन प्रकरण संपवलं. लस्टरच्या जप्त झालेल्या जामिनाच्या रकमेत चॅपमननं वाटा मागितला होता, तोही कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशानं नाकारला. "तुमच्यासारखंच," वकील म्हणाले, "वसुली शून्य आणि वर खटला."

मी तरी वाद घातला. लस्टर खरोखर गुन्हेगार होता ना? मग धरणाऱ्याला शिक्षा कामून? हा वाद मी गावातल्या एका निवृत्त गुरुजींशीही घातला. गुन्हेगार कुठंही पळो, त्याला धरून आणणाऱ्याचं कौतुक व्हावं, असं माझं म्हणणं. गुरुजी इतिहास शिकवायचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग मार्सेलिसला सावरकरांना धरलं तेही बरोबर म्हणायचं का?"

8 जुलै 1910 चा तो प्रसंग आपल्या शाळेत सगळ्यांनी ऐकलेला असतो. पोहणं आठवतं, पुढचं आठवत नाही. मोरिया बोटीतून सावरकरांना खटल्यासाठी मुंबईला नेत होते. मार्सेलिस बंदरात त्यांनी खिडकीतून उडी घेतली आणि फ्रान्सच्या जमिनीवर पाय ठेवला. बोटीवरचे पहारेकरी ओरडत मागं धावले, एका फ्रेंच पोलिसानं त्यांना पकडलं आणि परत बोटीवर पोचवलं. हस्तांतराचा अर्ज नाही, सुनावणी नाही. फ्रान्समध्ये ओरड झाली आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. 24 फेब्रुवारी 1911 ला निकाल आला. अटकेत आणि ताबा देण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटननं कैदी परत करण्याचं बंधन नाही. गुरुजी म्हणाले, "इंग्रज सरकारच्या दृष्टीनं ते फरारीच होते. धरणारा नेहमी हेच म्हणतो की समोरचा गुन्हेगार आहे. ते ठरवायचं कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. आपला तालुका स्वतःच एकेकाळी परमुलूख होता याची त्यांनी आठवण करून दिली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत घनसावंगी निजामाच्या राज्यात होतं. इकडचा माणूस तिकडे किंवा तिकडचा इकडे पळाला तर परस्पर उचलून न्यायचा नाही, रीतसर हवाली करायचा, असा करार इंग्रजांनी निजामाशी 1867 मध्ये केला होता. मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर कॅम्प घातले. निजामाच्या कागदावर ते सगळे फरारी गुन्हेगारच होते. कुणी रझाकारानं हद्द ओलांडून त्यांना उचलून आणलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? हद्द ही पळालेल्या चोराचीही ढाल होते हे खरं, पण आपल्या माणसांचीही तीच ढाल होती.

मार्सेलिसच्या निकालातली एक गोष्ट मला अजून कुरतडते. चुकीच्या पद्धतीनं धरलं, हे लवादानं मानलं. पण त्याचा फायदा धरलेल्याला मिळाला नाही. अमेरिकेतही तेच चालत आलंय. 1886 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर फ्रेडरिक केर नावाच्या माणसाचं प्रकरण आलं. शिकागोत पैसे लाटून तो पेरूला पळाला होता. खासगी पिंकर्टन कंपनीच्या माणसाच्या हाती त्याला आणण्याचे रीतसर कागद दिले होते. त्यानं ते न वापरता केरला जबरदस्तीनं बोटीत घातलं. कोर्ट म्हणालं, खटला चालेल. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. पळवून आणणाऱ्याचा ताबा पेरू मागू शकतो आणि त्याच्यावर खटला भरू शकतो. हे दोन वेगळे हिशोब आहेत. पळालेल्यानं काय केलं हा एक, धरणाऱ्यानं काय केलं हा दुसरा. पहिल्यातली जमा दुसऱ्यात वळती होत नाही. आणि पळवून आणलेल्याला कोर्ट सोडणार नसेल, तर पळवणाऱ्याला तरी जबाब द्यावाच लागला पाहिजे. नाहीतर हद्द मोडण्याची किंमत कुणीच मोजत नाही.

कॅनडानं ती किंमत मागितली. 1981 मध्ये सिडनी जॅफे नावाच्या माणसाला दोघा अमेरिकनांनी टोरांटोतून उचलून फ्लोरिडात नेलं. जमीनविक्रीच्या प्रकरणात तो जामिनावर असताना हजर झाला नव्हता. कॅनडानं पळवणाऱ्यांचा ताबा मागितला आणि 1983 मध्ये अमेरिकेच्याच अपील न्यायालयानं त्यांच्यातल्या डॅनियल केअरला कॅनडाच्या हवाली करायला मान्यता दिली. तिकडचा धंदा कायदेशीर असला तरी हद्दीपलीकडे तो अपहरणच. मला हे योग्य वाटतं. हवाली करणं म्हणजे शिक्षा देणं नव्हे. लस्टरसारख्या नराधमाला धरलं हे तिथल्या न्यायाधीशानं शिक्षा ठरवताना जरूर विचारात घ्यावं, सौम्य वागावं, वाटलं तर सोडूनही द्यावं. पण ज्याच्या मुलखात हात घातला, त्याच्या कोर्टात उभं राहावंच लागेल.

"सरळ वाटेनं काही होत नाही" हेही आता मला पटत नाही. अबू सालेमला पोर्तुगालनं 2005 मध्ये आपल्या हवाली केलं ते फाशी देणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही या लेखी हमीवर. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सरकारला बजावलं की ही हमी पाळावी लागेल. अनेकांना ते झोंबलं. पण त्या हमीमुळेच तो आपल्या कोर्टात उभा राहिला. मेहुल चोक्सीचं उलटं. 2021 च्या मे महिन्यात तो अँटिग्वातून नाहीसा होऊन डॉमिनिका बेटावर सापडला. आपल्याला पळवून नेल्याचा त्याचा आरोप सिद्ध झालेला नाही. पण त्या सगळ्या गोंधळानंतर तो भारतात आला नाही, अँटिग्वातच परत गेला. 2025 च्या एप्रिलमध्ये बेल्जियमनं त्याला अटक केली ती भारताच्या रीतसर विनंतीवरून.

मेक्सिकोतल्या एका डॉक्टरांची गोष्ट वाचली आणि मला माझा स्टँप पेपर आठवला. उंबेर्तो आल्वारेझ माचाइन यांना 1990 मध्ये पैसे देऊन माणसं लावून ग्वादालाहारातून अमेरिकेत पळवून आणलं. आरोप भयंकर होता, अमेरिकन अधिकाऱ्याचा छळ करून झालेल्या खुनात हात असल्याचा. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला चालवायला परवानगी दिली. त्याच वर्षी खटला उभा राहिला आणि पुरावा नाही म्हणून न्यायाधीशानं त्यांना सोडलं. रीतसर ताबा मागितला की दुसऱ्या देशाचा न्यायाधीश आधी कागद तपासतो. आडवाट ती तपासणी चुकवते. मी तेच केलं होतं. फुगवलेला आकडा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून जिवंत माणूस उचलला.

माझं प्रकरण पुढं मिटलं. मुकादमानं संमती दिली आणि उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं गुन्हा रद्द केला. त्यानं संमती का दिली हे मी त्याला विचारलं नाही; गरिबाची संमती किती मोकळी असते हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सात लाख गेले. त्याहून जास्त वकील, प्रवास आणि बुडालेल्या हंगामात गेले, ट्रॅक्टर विकावा लागला. माझ्याबरोबर आलेल्या तिघांपैकी एका पोराला पोलीस भरतीत जायचं होतं. गुन्ह्याची नोंद निघून जाईपर्यंत त्याचं वय उलटलं. ते नुकसान मी भरून देऊ शकत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी आमच्या धंद्यात कुणी बोलत नाही. 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा म्हणतो की उचलीच्या बदल्यात माणसाचा दुसरीकडे जाण्याचा, दुसरं काम धरण्याचा हक्क गेला, तर ती वेठबिगारी. आणि वेठबिगारीचं कर्ज फेडण्याचं बंधनच उरत नाही. मी मुकादमाला कोंडलं तेव्हा माझ्याच हातानं माझी उचल त्या कायद्याच्या तोंडात दिली होती.

म्हणून वाहतूकदार भावांना हात जोडून सांगतो. उचल बँकेतून द्या, कोयत्यांना भेटून द्या, कोऱ्या कागदावर सही घेऊ नका आणि घेतली तर त्यावर खोटा आकडा घालू नका. टोळी आली नाही तर लेखी तक्रार करा. ठाण्यात घेतली नाही तर अधीक्षकांकडे, तिथं नाही तर कोर्टात. पैसे बुडाले तर बुडाले. पण माणूस आणायला गाडी काढू नका. आणि कुणी काढलीच, तर ज्या गावातून त्यानं माणूस उचलला त्या गावच्या कोर्टात त्याला हजर करायला आपण मदत करा, मग तो आपला भाऊ का असेना.